मातीतील नत्र : पिकापिकांची वेगळी भूक

पुण्याच्या वायव्येस पवना नदीच्या काठी वसलेले रावेत हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग झाले आहे. गावाजवळच्या बंधाऱ्यातून महानगरपालिका पवनेचे पाणी उचलते व ते निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे जाते. उद्योगनगरीतील लक्षावधी कुटुंबांची तहान या पाण्यावर भागते. एकेकाळी पिकांखाली असलेल्या शिवारात आता उंच इमारती उभ्या आहेत. तरीही पवनेच्या वरच्या अंगाला, मावळ आणि मुळशीच्या दिशेने, भाताची खाचरे, उसाचे फड व भाजीपाल्याचे मळे आहेतच. शेतीचा हा पट्टा आणि शहर यांना जोडणारा दुवा म्हणजे नदी होय. या नदीतून पाण्याबरोबर आणखी एक पदार्थ सतत वाहत असतो. तो म्हणजे नत्र. शेतात हा नत्र कमी पडला, तर शेतकऱ्याचे नुकसान होते. नदीत तो जास्त झाला, तर जलपर्णी माजते व नागरिकांचे नुकसान होते. म्हणूनच मातीतील नत्राचे शास्त्र शेतकऱ्याला जितके उपयोगाचे आहे, तितकेच ते शहरवासीयांनीही समजून घेण्यासारखे आहे.

हवेत सुकाळ, मातीत दुष्काळ

नत्र हा वनस्पतींच्या अन्नद्रव्यांतील अग्रक्रमाचा घटक आहे. पानांना हिरवा रंग देणारे हरितद्रव्य, पेशींतील प्रथिने, वितंचके आणि आनुवंशिक गुण वाहून नेणारी द्रव्ये यांपैकी एकही नत्रावाचून तयार होऊ शकत नाही. निसर्गाची गंमत अशी की, हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे. एक हेक्टर जमिनीवर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभात अंदाजे ७८ हजार टन नत्र असतो. परंतु या वायूच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात की, वनस्पतींना ते सोडवून घेता येत नाहीत. नत्राच्या सागरात उभे असलेले पीक नत्रावाचून पिवळे पडते, याचे कारण हेच.

मुळांना नत्र मिळतो तो मुख्यतः अमोनियम आणि नायट्रेट या दोन रूपांत. मातीतील बहुतांश नत्र मात्र सेंद्रिय पदार्थांत अडकलेला असतो. पालापाचोळा, शेणखत, मुळांचे अवशेष आणि मेलेले सूक्ष्मजीव कुजतात तेव्हा हा साठा हळूहळू मोकळा होतो. प्रथम अमोनियम तयार होते व पुढे हवेशीर जमिनीत दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियमवर धन विद्युत्भार असल्याने मातीचे कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेटवर ऋण भार असल्याने ते पाण्याबरोबर सहज निसटते. नत्राच्या व्यवहारातील बहुतेक नफा-तोट्याचे मूळ या एका फरकात आहे.

महाराष्ट्रातील बहुतेक जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी आहे. उष्ण हवामानामुळे सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातात आणि तितक्या प्रमाणात ते पुन्हा मातीत घातले जात नाहीत. त्यामुळे काळी जमीन दिसायला कसदार असली, तरी तिच्यात उपलब्ध नत्राचा तुटवडा असू शकतो. मातीचा काळा रंग म्हणजे नत्राची हमी, हा समज बरोबर नाही. उपलब्ध नत्र मोजण्यासाठी सुब्बय्या आणि असिजा या शास्त्रज्ञांनी १९५६ साली मांडलेली पद्धत आजही देशभरातील प्रयोगशाळांत वापरली जाते. या पद्धतीनुसार हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी नत्र आढळला, तर ती जमीन नत्राच्या बाबतीत कमी प्रतीची समजली जाते.

नत्र कमी आणि नत्र जास्त

नत्र कमी पडला की पीक आपल्या जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरविते. म्हणून पिवळेपणा प्रथम खालच्या पानांवर दिसतो व तो शेंड्यापासून मध्यशिरेच्या बाजूने आत सरकतो. लोहाच्या कमतरतेत नेमके उलट घडते. तेथे कोवळी पाने आधी पिवळी पडतात. हा फरक ओळखता न आल्याने अनेकदा लोह हवे तेथे युरिया टाकला जातो आणि पिवळेपणा मात्र कायम राहतो. नत्राच्या कमतरतेत फुटवे कमी येतात, खोड बारीक राहते आणि पीक लवकर पक्व होऊन दाणा हलका भरतो.

नत्र जास्त झाला की पीक गडद हिरवे, लुसलुशीत व दिसायला मोठे देखणे होते. पण ही हिरवाई फसवी असते. पेशींच्या भिंती पातळ राहतात, खोड नाजूक बनते व मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडींना आयतीच मेजवानी मिळते. फुले व फळे लागणे लांबते आणि वारा-पाऊस आला की पीक लोळते. शेजाऱ्याच्या शेतातील रंग पाहून आपल्या शेतात एक गोणी अधिक टाकण्याची प्रवृत्ती म्हणूनच महागात पडते. मळणीच्या दिवशी हिशेब दाण्याचा होतो, पानांच्या रंगाचा नाही.

भात : उंच वाण आणि बुटके वाण

एकाच पिकाच्या दोन वाणांनाही नत्र सारखा मानवत नाही, याचे उत्तम उदाहरण मावळातील भात आहे. या भागाचा आंबेमोहर आपल्या सुवासासाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्याचे रोप उंच वाढते. नत्राचा हप्ता वाढविला की ते आणखी उंच होते आणि लोंबी भरण्याच्या सुमारास जमिनीवर लोळते. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण तयार झाला व १९८७ साली तो प्रसारित करण्यात आला. आय. आर. ८ हा फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा बुटका वाण. त्याच्या संकरामुळे सुवासाला उत्पादनाची जोड मिळाली.

हरितक्रांतीचे गमकही हेच होते. मेक्सिकोतील बुटक्या गव्हाचे बियाणे १९६०च्या दशकात भारतात आले आणि कल्याणसोना, सोनालिका यांसारखे वाण पुढे आले. त्यांच्या यशाचे कारण हे की, दिलेला नत्र ते ताटाची उंची वाढविण्यात खर्च न करता दाण्यात उतरवीत. उंच देशी गव्हाला तितकाच नत्र दिला असता तो लोळला असता. म्हणजे खताचा प्रतिसाद केवळ खतावर अवलंबून नसतो. रोपाची ठेवण त्यात निर्णायक ठरते.

भाताचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. खाचरात पाणी साचलेले असल्याने मातीच्या वरच्या पातळ थराखाली प्राणवायू नसतो. ज्वारी, गहू, भाजीपाला ही पिके नायट्रेट मोठ्या प्रमाणात घेतात. भात मात्र अमोनियमवर चांगला पोसतो. खाचरातील पाण्यात युरिया फेकून दिला, तर त्याचा काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. काही भागाचे वरच्या थरात नायट्रेट बनते, ते खाली झिरपते आणि तेथे प्राणवायूच्या शोधात असलेले जिवाणू त्याचे पुन्हा नत्रवायूत रूपांतर करतात. शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेले खत अशा रीतीने हवेत परत जाते. भातखाचरात फेकून दिलेल्या नत्रापैकी साधारणतः ३० ते ४० टक्केच पिकाच्या पदरात पडतो.

या गळतीवर उपाय म्हणून डॉ. नारायण सावंत यांनी महाराष्ट्रात चारसूत्री भात लागवडीचा पुरस्कार केला. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचे खत, नियंत्रित अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेटची खोल पेरणी ही ती चार सूत्रे होत. लावणीनंतर त्याच दिवशी चार चुडांच्या मध्यभागी सुमारे २.७ ग्रॅम वजनाची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल हाताने खोचली जाते. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. खोल चिखलात प्राणवायू नसल्याने तेथे अमोनियमचे नायट्रेट होत नाही. मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात व चारही चुडांची मुळे ते सावकाश घेतात. खत तेच, पण ते कोठे ठेवले यावर त्याचे मोल ठरते. खाचरातून वाहून जाणाऱ्या पाण्यातही मग नत्र कमी राहतो, हा त्याचा दुसरा लाभ. नदीच्या काठी राहणाऱ्यांसाठी तोही लहान नाही.

उसाची भूक मोठी, पण तिलाही वेळ आहे

रावेतच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. त्यामुळे या भागाच्या पीकरचनेत उसाला स्थान मिळाले आहे. ऊस हे नत्राची मोठी भूक असलेले पीक. राज्यातील शिफारशीनुसार सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, पूर्वहंगामी उसाला ३४० किलो आणि आडसाली उसाला ४०० किलो नत्र लागतो. युरियात ४६ टक्के नत्र असतो. त्या हिशेबाने ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र येतो आणि आडसाली उसाला केवळ युरियातून नत्र द्यायचा म्हटले, तर हेक्टरी एकोणीस गोणी लागतात.

इतका नत्र एकदम दिला, तर त्याचा मोठा भाग पाण्याबरोबर निघून जाईल. म्हणून लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीच्या वेळी उरलेला ४० टक्के असे हप्ते पाडलेले आहेत. यानंतर दिलेला नत्र उसाला पुन्हा वाढीच्या मार्गाला लावतो, पाणकोंब फुटतात आणि कांड्यात साखर साठण्याचे काम मागे पडते. वजन वाढल्यासारखे वाटते, पण साखरेचा उतारा घटतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ऊस, मका, ज्वारी व बाजरी या पिकांची प्रकाशसंश्लेषणाची रीत भात व गहू यांच्याहून वेगळी असते. पानांत कर्बवायू एकवटण्याची खास यंत्रणा असल्याने कर्ब पकडणारे प्रथिन त्यांना कमी प्रमाणात पुरते. साहजिकच पानातील तितक्याच नत्रावर ही पिके अधिक वाढ करून दाखवितात. उसाची एकूण मागणी मोठी दिसते, ती त्याच्या प्रचंड वाढीमुळे. कोरडवाहू बाजरी हलक्या जमिनीत तग धरते, त्यामागेही नत्राच्या काटकसरीचा हा गुण आहे.

उसाचे पाचट जाळण्याची सवय मात्र या काटकसरीच्या अगदी विरुद्ध आहे. पाचट पेटविले की त्यातील नत्र धुराबरोबर निघून जातो. ते सरीत ठेवले, तर कुजून जमिनीत मिसळते. परंतु पाचटात कर्ब पुष्कळ व नत्र अल्प असल्याने ते कुजविणारे जिवाणू आधी मातीतील नत्र स्वतःसाठी घेतात आणि पीक काही दिवस उपाशी राहते. ताजा काडीकचरा गाडल्यावर पीक पिवळे का पडते, याचे उत्तर यात आहे. म्हणून पाचटाच्या दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू मिसळावेत, अशी शिफारस आहे. जिवाणूंची भूक वेगळी भागविली की ते पिकाच्या ताटात हात घालीत नाहीत.

स्वतःचे खत स्वतः करणारी पिके

हरभरा, तूर, मूग, भुईमूग, सोयाबीन या पिकांची तऱ्हा अगदी निराळी. १८८६ साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या विलफार्ट या सहकाऱ्याबरोबर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, शेंगावर्गीय पिके मुळांवरील गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र वापरू शकतात. दोन वर्षांनी हॉलंडमधील बेयरिंक याने या गाठींतील जिवाणू वेगळे काढले. हेच रायझोबियम जिवाणू होत. पीक त्यांना साखर पुरविते व ते पिकाला नत्र पुरवितात. हरभऱ्याचे रोप फुलोऱ्यापूर्वी हळुवार उपटून गाठ कापून पाहावी. ती आतून गुलाबी असेल, तर जिवाणूंचे काम चालू आहे असे समजावे. हिरवट किंवा करडी गाठ निकामी झालेली असते.

अशा पिकाला भरमसाट युरिया दिला, तर गाठी कमी बनतात. आयता नत्र मिळत असताना जिवाणूंना पोसण्याचा खर्च पीक करीत नाही. हरभरा, तूर व भुईमूग यांना हेक्टरी २५ किलो नत्राचीच शिफारस आहे. गाठी तयार होईपर्यंतच्या दिवसांची ती शिदोरी असते. बागायती गव्हाला त्याच जमिनीत १२० किलो नत्र लागतो. ही तुलना ध्यानात ठेवली, तर एकच खत सर्व पिकांना सारखे देण्यातील चूक लक्षात येईल. मात्र प्रत्येक पिकाचा जिवाणू वेगळा असतो. सोयाबीनचे जिवाणूखत हरभऱ्याला लावून उपयोग होत नाही.

शेंगा आल्या म्हणजे गाठी असतातच, हेही खरे नाही. बाभूळ, गिरिपुष्प, सुबाभूळ, ताग आणि धैंचा यांच्या मुळांवर गाठी येतात. चिंच, बहावा आणि गुलमोहर शेंगावर्गातील असूनही त्यांच्या मुळांवर त्या आढळत नाहीत. उलट सुरूचे झाड शेंगावर्गातील नसताना फ्रँकिया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळविते. नवीन वसाहतींत वृक्षारोपण करताना हे भेद उपयोगी पडतात. इमारतींच्या बांधकामात वरची माती खरवडली गेलेल्या मुरमाड जागेत गिरिपुष्पासारखी झाडे आधी लावली, तर त्यांच्या पालापाचोळ्याने जमीन सुधारते आणि इतर झाडांची वाट मोकळी होते.

गाठींवाचूनही नत्र बांधणारे जिवाणू आहेत. ज्वारी, गहू यांसाठी ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम यांची जिवाणूखते दिली जातात. उसाच्या आत राहून नत्र स्थिर करणाऱ्या ॲसिटोबॅक्टर जिवाणूंचा शोध १९८८ साली ब्राझीलमध्ये लागला. आज मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हे जिवाणूखत तयार करते. भातखाचराची नत्रसंपदा टिकविण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा वाटा असतो, हे प्रा. पी. के. डे यांनी १९३९ साली भारतीय भातशेतीच्या अभ्यासातून सिद्ध केले होते. मात्र ही खते रासायनिक नत्राची बचत करतात, ती पूर्णपणे टाळता येते असे मानू नये.

भाजीपाला, कांदा आणि फुले

पालक, मेथी, माठ, कोबी यांचे पान हेच उत्पादन असते. तेथे नत्राने पाने वाढणे हिताचे ठरते. टोमॅटो, वांगी व मिरची यांच्यात फळधारणेपूर्वी नत्र जास्त झाला, तर झाड पसरते आणि फळे उशिरा लागतात. कांद्याला लागवडीनंतर साधारणतः दोन महिन्यांपुढे नत्र दिल्यास मान जाड राहते, जोडकांदे वाढतात आणि चाळीत साठविलेला माल सडतो. कांद्याचा भाव साठवणुकीवर अवलंबून असल्याने उशिरा दिलेली एक गोणी सहा महिन्यांनी तोट्याच्या रूपाने समोर येते. गुलाब, मोगरा, झेंडू यांच्यातही हाच नियम दिसतो. सदनिकेच्या सज्जातील कुंडीत भरपूर पाने आली आणि कळ्या मात्र नाहीत, अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी नत्राचा पुरवठा थांबवून स्फुरद, पालाश व सूर्यप्रकाश यांकडे लक्ष द्यावे.

गरिबीत फुलणारी पठारे

शेतातील पिकांना नत्राची भूक असते. पण निसर्गातील काही वनस्पतींचे जीवनच नत्राच्या अभावावर उभे आहे. सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा समावेश २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर झाला. जांभ्या खडकावरील तेथील मातीचा थर पातळ आणि अन्नद्रव्यांनी अतिशय गरीब आहे. अशा ठिकाणी दवबिंदू ही वनस्पती आपल्या चिकट केसांवर कीटक पकडून नत्राची गरज भागविते. सीतेची आसवे या नाजूक निळ्या फुलांच्या वनस्पतीच्या तळाशी सूक्ष्म पिशव्या असतात व त्यांत पाण्यातील अतिसूक्ष्म जीव अडकतात. पठारावर नत्र वाढला, तर ही फुले अधिक बहरतील, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात उंच व जोमदार गवते वाढून त्यांना झाकून टाकतील.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८५६ पासून चालू असलेल्या कुरणावरील प्रयोगाने याचा पुरावा दिला आहे. खत न दिलेल्या वाफ्यांत सुमारे चाळीस जातींच्या वनस्पती एकत्र नांदतात. वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिलेल्या व चुना न घातलेल्या वाफ्यांत माती आम्ल होऊन मोजक्या दोन-तीन गवतांचेच राज्य उरले. नत्र वाढला की वाढ वाढते आणि विविधता घटते, असा हा धडा आहे.

नदीला मिळालेले नको असलेले खत

पवनेच्या पात्रात हाच धडा उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. स्वच्छ, वाहत्या पाण्यात ती फारशी फोफावत नाही. सांडपाण्यातून व शेतांतून येणारा नत्र आणि स्फुरद मिळाला, पाणी संथ झाले आणि ऊन वाढले की तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. पाण्यावर हिरवा गालिचा पसरतो, खाली प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि डासांना आश्रय मिळतो. रावेतपासून सांगवी-दापोडीपर्यंत पात्र जलपर्णीने झाकले गेल्याचे दृश्य नागरिकांच्या परिचयाचे आहे. ती काढण्यावर सार्वजनिक निधी खर्च होतो. शेतकरी जो नत्र विकत घेतो, तोच नत्र नदीतून उपसून काढण्यासाठी नगरवासी पुन्हा पैसे मोजतात.

याहून गंभीर प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आहे. विहिरी व विंधन विहिरींत झिरपलेले नायट्रेट रंग, वास वा चवीने ओळखता येत नाही, आणि पाणी उकळूनही ते जात नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. यापेक्षा जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात तान्ह्या मुलांचे दूध कालविले, तर त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून अंग निळे पडण्याचा धोका असतो. ज्या गृहसंकुलांत विंधन विहिरीचे पाणी वापरले जाते, त्यांनी ते वेळोवेळी तपासून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

मोजून द्यावे, वेळेवर द्यावे

या सर्वांचा अर्थ रासायनिक खत वाईट आहे, असा नाही. १९०९ साली हाबर यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची रीत प्रयोगशाळेत सिद्ध केली व १९१३ साली बॉश यांच्या प्रयत्नांतून जर्मनीत तिचा कारखाना उभा राहिला. जगातील मोठ्या लोकसंख्येचे अन्न आज या शोधावर अवलंबून आहे. प्रश्न आहे तो मापाचा. माती परीक्षण हे त्या मापाचे साधन होय. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेने हे साधन शेतकऱ्यांच्या हाती दिले. पत्रिकेतील नत्र व सेंद्रिय कर्बाचे आकडे पाहून शिफारशीची मात्रा कमी-अधिक करावी. जमीन नत्रात कमी असेल तर मात्रा वाढवावी व भरपूर असेल तर घटवावी.

२०१५ पासून देशात तयार होणारा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊन बाजारात येतो. या लेपामुळे अमोनियमचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. तरीही चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवर युरिया उघडा पसरला, तर अमोनिया उडून जातोच. तो मातीत मिसळावा, पाण्याचा बेताचा पाट लगेच द्यावा आणि मोठ्या पावसाचा अंदाज असताना हप्ता पुढे ढकलावा. भाताच्या पानाचा रंग पत्रीशी ताडून दुसरा-तिसरा हप्ता ठरविता येतो. टनाला सुमारे ५ किलो नत्र देणारे शेणखत मात्रेने लहान वाटले, तरी ते सेंद्रिय कर्ब वाढविते व दिलेला नत्र धरून ठेवण्याची मातीची ताकद टिकविते. बांधावर गिरिपुष्प, दोन पिकांच्या मध्ये ताग वा धैंचा, आणि तृणधान्यानंतर कडधान्य असा फेरपालट ठेवला, तर गोण्यांची संख्या आपोआप घटते. शहरातील कुटुंबांनी ओल्या कचऱ्याचे खत केले, तर तोच नत्र सांडपाण्यात न जाता बागेतील मातीत परत जातो.

रावेतचे शिवार बदलले आहे आणि यापुढेही ते बदलेल. परंतु मातीतून निघालेला नत्र वनस्पतीत, वनस्पतीतून अन्नात, अन्नातून सांडपाण्यात आणि तेथून नदीत जातो, हे चक्र इमारतींमुळे थांबलेले नाही. शेतकऱ्याने पिकाची भूक ओळखून मोजका नत्र दिला आणि नगरवासीयाने तो नदीत सोडण्याऐवजी मातीकडे परत पाठविला, तर पवनेच्या काठी पिकेही चांगली येतील आणि बंधाऱ्यातून उचलले जाणारे पाणीही निर्मळ राहील. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही आणि एकट्या शहराचेही नाही. ते दोघांनी मिळून करावयाचे आहे.